माया

दगडी दरवाज्याजवळ माझं दुकान.
एक मशीन, एक मी.
शिवणीच्या आत जे जादाचं कापड सोडतात
त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात.
ती वरून दिसत नाही.
पुढेमागे अंग भरलं, तर उसवून द्यायची असते.

हर्षालीचा आकाशी कुर्ता
पोळ्याला आत घेतला.
दिवाळीत पुन्हा.
संक्रांतीला म्हणाली, आप्पा, थोडा अजून,
आणि मी सुई ओवली.
तीस वर्षं अमळनेरची अंगं मोजली,
सुटलेली पोटं न बोलता टेपात धरली,
लपवलेले महिनेही ओळखले;
घरातल्या पोरीचं मला फक्त कापड दिसलं.

शेजारीण म्हणाली,
"कसी बारीक व्हई गई वं पोर! मस्त दिखस."
मीही हसलो होतो. हे विसरायचं नाही.

मग मामाच्या शेतात भरिताची पार्टी.
पऱ्हाटीच्या जाळावर वांगी तिनेच भाजली,
बडगीत तिनेच ठेचली,
एकेकाला आग्रह करून वाढलं,
पंगतीतल्या शेवटच्या म्हाताऱ्यालाही मिरची विचारली.
तिचं स्वतःचं केळीचं पान
जेवून झाल्यासारखं दुमडलेलं.
मी ते उलगडलं नाही.

कॉलेजात खाल्लं. अ‍ॅसिडिटी झाली. आज चतुर्थी.
चतुर्थ्या महिन्यात दोन येतात,
तिच्या आठवड्यात दोन.
टाकीतलं पाणी आम्ही मोजून वापरतो,
पण कधी ती जेवलीच, तर लगेच
न्हाणीत नळ सोडलेला,
बादली भरून वाहिली तरी.
तिच्या आईने एकदा दारावर हात ठेवला
आणि तसाच काढून घेतला.

वैशाख.
डांबर चपलेला चिकटतंय,
कुत्री गटारीच्या ओलीत पोट टेकून पडलेली,
आणि दुकानाच्या पायरीवर माझी पोरगी
स्वेटर घालून.
"थंडी वाजते, आप्पा."

बोटं हातात घेतली. नखं जांभळट.
खांद्यावर चार केस, ओढले नव्हते, तरी सुटलेले.

टेप गळ्यातच होता.
काढून गल्ल्यात टाकला.
'जेव' म्हणालो असतो
तर दार कायमचं लागलं असतं.
म्हणालो, "मला उशिरा दिसलं गं."
ती समोरच्या बंद शटरकडे बघत राहिली.
बऱ्याच वेळाने म्हणाली,
"तुम्हाला दिसतं?"

आज साडेदहाची एसटी, जळगावला,
डॉक्टरीणबाईंकडे.
येते म्हणाली. मग नाही म्हणाली.
आता चप्पल शोधते आहे,
जी तिच्या पायातच आहे.

तोवर मी कुर्ता घेऊन बसलोय.
माझेच तीन वेळचे टाके
ब्लेडने उसवतोय.
जुन्या शिवणीची भोकं राहतात,
इस्त्रीनेही जात नाहीत.

पण आतली माया
मी कापली नव्हती.