मेन स्ट्रीटच्या किल्ल्या

त्रेचाळीस किल्ल्या होत्या माझ्या जुडग्यात.
कागदगिरणी बंद पडली त्या हिवाळ्यापासून
एकेक दुकानदार काउंटरवर ठेवून गेला :
"असू दे तुझ्याकडे, ऑर्विल.
कुणी विचारलं तर दे."
कुणी विचारलं नाही.
एकोणीस वर्षं मी त्यांना तेल देत राहिलो,
म्हातारा माणूस आपल्या गुडघ्यांना चोळतो तसं,
फारशी आशा न ठेवता.

विस्कॉन्सिनमधल्या या गावात नदी अजून वाहते.
तिचा वास मात्र गेला,
सडक्या कोबीसारखा गिरणीचा वास,
ज्याला आम्ही पगाराचा वास म्हणायचो.

मग मार्चमध्ये चर्चच्या तळघरात बैठक.
मॅडिसनहून आलेल्या तरुण बाईनं
भिंतभर नकाशा टांगला
आणि प्रत्येकाच्या तळहातावर सहा टिकल्या ठेवल्या.
हिरवी लावा जिथे जीव रमेल तिथे,
तांबडी, जिथून जाताना पाऊल उचलतं.
मी आधी नकाशाचा कागद चिमटीत धरून पाहिला.
आमचा नव्हता. पातळ होता.

हॉस्पिटलला हवी होती गाड्या लावायला जागा.
बँक म्हणाली, भाडं दोन वर्षं सोडू, पण विमा कोण भरणार?
शाळेतल्या एका पोरानं एवढंच मागितलं :
एक बाक, ज्यावरून कुणी हाकलणार नाही.
गिरणीतला जुना मुकादम, काझमारेक,
उठला, आणि सहाच्या सहा टिकल्या
गिरणीवर चिकटवून आला.
"ती आणा परत. बाकी सगळी रंगरंगोटी."
कुणी हसलं नाही.
कुणी त्या काढल्याही नाहीत.

काओ नू शेवटच्या रांगेत होती,
दर शनिवारी ट्रकच्या मागच्या फळीवर भाजी विकणारी,
जिचे वडील लाओसचा डोंगर उतरून इथल्या बर्फात आले.
म्हणाली, "मला अर्धंच दुकान हवंय.
मे ते ऑक्टोबर. पुढे शेत झोपतं."
बँकेचा माणूस फॉर्म चाळत राहिला.
अर्ध्या दुकानाचा रकाना त्यात नव्हता.
तेवढ्यात शिवणकाम करणारी लिओटा बोलली :
"माझं काम थंडीतच असतं.
उरलेलं अर्धं मी घेते."
तळघर गप्प.
आणि आयुष्यात सभेत कधी तोंड न उघडलेला मी
बोलून गेलो, "कुलूप एक, किल्ल्या दोन.
आयुष्यभर तेच तर करतोय मी."

बुटांचं दुकान उघडायला गेलो तेव्हा
किल्ली फिरली, पण दार हटेना.
लाकूड फुगलेलं.
बाक मागणाऱ्या पोरानं खांदा लावला,
बँकेच्या माणसानं कोट काढून दुसरा लावला.
आत खोकीच खोकी,
आणि प्रत्येकात एकेकच बूट, डावा,
काचेत मांडायला ठेवतात तो.
उजवे कुठे गेले कुणास ठाऊक.
काओ नूनं त्यांत माती भरून
पुदिना लावला, दारात रांगेनं मांडला.
लोक आधी ते बघायला आले,
मग भोपळे घ्यायला.

सगळं सुरळीत झालं असं म्हणणार नाही.
अकरा किल्ल्या गेल्या, दोन परत आल्या.
कॉफीवाल्याला पहिलाच जानेवारी पुरला नाही.
हॉस्पिटलनं जागा घेतलीच,
फक्त शनिवारी साखळी काढतात.
काझमारेक येतो त्या दिवशी सहा वाजता,
टेबलं मांडतो, शिव्या घालतो,
टेबलांचे पाय एका ओळीत नसले की पुन्हा मांडतो.
नकाशा आता माझ्या खिडकीत आहे.
उन्हानं हिरव्या टिकल्या पिवळ्या पडल्या.
गिरणीवरच्या सहा अजून घट्ट.

थिएटरची किल्ली मात्र माझ्याकडेच आहे.
छत गळतं. पैसे नाहीत.
पुढच्या बैठकीत बघू म्हणाले.
काल तिलाही तेल दिलं,
आणि, कशाला कोण जाणे,
तिची एक जोड किल्ली करून ठेवली.