बुधवारी चहा फुकट

हॅलिफॅक्सच्या त्या जुन्या थिएटरात बुधवारी दुपारी
साठीपुढच्यांना चहा फुकट, वर दोन बिस्किटं.
आई म्हणाली, फुकट आहे ना, मग कुठलाही सिनेमा चालेल.
मी पोस्टर वाचलं होतं.
तरी तिकिटं काढली.

पडद्यावर क्लिफर्ड. वय सेहेचाळीस, औषधांच्या दुकानात नोकरी.
टाय आई निवडते, उकडलेल्या अंड्याचं टोक आई फोडते,
ठरलेली मुलगी आईने
एका वाक्यात परत पाठवलेली.
तो मार्मलेडच्या बरणीत काहीतरी पांढरं ढवळतो.
आई माझ्या कानात, म्हणजे अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं:
"चमचा ओला आहे मेल्याचा. बुरशी धरेल."

म्हातारी ती बरणी पाद्रीबाबांना देऊन टाकते.
पहिली शवपेटी.
शेरीची बाटली जाते डॉक्टरकडे.
दुसरी.
तिसरा वरच्या खोलीतला भाडेकरू, गरीब बिचारा ट्रॉम्बोनवाला,
त्याने नुसती बोटभर खीर चाटली होती.
दर वेळी दफनभूमीत ती लेकाचा टाय सारखा करते
आणि म्हणते, बघ, शेवटी मला तूच.

आई हसली.
मांडीवर थाप मारून, पदराने डोळे पुसत,
सांगलीत नाटकाला बसल्यासारखी.
पुढच्या रांगेतल्या निळसर केसांच्या बायका वळल्या,
आधी कपाळाला आठ्या, मग त्याही खिदळायला लागल्या.
हसत नव्हतो तो मी एकटा,
मुठीत तिने कोंबलेला चिवडा.
आणि उगाच आठवला
मॉरीनचा हिरवा कोट, स्टेशनात, पाठमोरा.
आईने तिलाही एकच वाक्य म्हटलं होतं,
तेही हसून.

शेवटी दोघं टेबलाशी. ती त्याच्या पावाला लोणी लावते,
पार कडेपर्यंत.
तो खातो.
ती बघते.
पडदा काळा. दिवे लागल्यावर कप गोळा करणारी मुलगी आली,
आईने उरलेलं बिस्किट पर्समध्ये टाकलं.

बाहेर वारा. बसला चोवीस मिनिटं.
तिने माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं,
गळ्याशी, जरा घट्टच.
"बिचारा क्लिफर्ड," ती म्हणाली,
"तीन माणसं उगाच वाया घालवली.
एकदा आईला विचारायचं होतं,
तिने बरोबर सांगितलं असतं
किती घालायचं ते."