वाटा

मागच्या भिंतीला लागून दहा बाय बाराची खोली काढली,
वनितासाठी. ती म्हणाली होती, पत्रा टाकलास तरी चालेल.
मी स्लॅब टाकला.

घणसोली गावठाणात पाया खणायला वेळ लागत नाही.
दोन फुटांवर काळा चिखल, चिंबोरीची एक नांगी,
आणि तो वास, जो लहानपणी
बाबांच्या पायांना यायचा.

बाबा खारबांधावर राखणीला होते.
उधाणाच्या रात्री कंदील घेऊन
अनवाणी बांध चाचपत जायचे.
म्हणायचे, "बांद मधी नाय फुटत रं, सांद्यान फुटतं."
जुनी माती नव्या मातीला भेटते, तिथे.

थावरू गवंडी त्यांना कधी भेटलेला नाही.
तरी पहिल्याच दिवशी त्यानं जुन्या भिंतीचं प्लास्टर
मांडीइतकं वरपर्यंत उतरवलं,
पांढरा भुगा बोटावर घेऊन मला दाखवला. लोणा.
"ही भिंत वीस वर्षं पाणी पितेय, शेठ.
शेजारची नवी फरशीपण प्यायला शिकेल."

मग विटेपर्यंत तारेचा ब्रश.
मग खडी, रेती, काळं जाड प्लास्टिक,
भिंतीवर वीतभर चढवलेलं,
टोपलीत पान अंथरताना काठावर घेतात तसं.
मग कोबा.
"आता कडेला वाटा द्यायचा," थावरू म्हणाला.

मी न ऐकल्यासारखं केलं.
त्यानं पुन्हा सांगितलं, बहिऱ्याला सांगावं तसं:
"वाटा, शेठ. भिंत आणि जमीन काटकोनात भेटली
की मध्ये केसाएवढी फट राहते. दिसत नाही.
ओल तिथनंच येते.
वाटा दिला नाही तर केलेलं सगळं फुकट."

साडेबारा टक्क्यांचा भूखंड मिळाला त्या साली
वनितानं बेलापूरला येऊन हक्कसोडीवर सही केली होती,
अर्ध्या दिवसाची रजा काढून.
जाताना मी तिला साडी घेतली, आठशे चाळीसची.
किंमत लक्षात आहे. रंग नाही.

"दे," मी म्हणालो, "चांगला जाड दे."

थावरूनं काचेची बाटली फिरवत फिरवत
चारही बाजूंनी सांधा बुजवला.
वर सात दिवस भिजलं गोणपाट.
ओल येऊ नये म्हणून आधी ओलं ठेवायचं,
हे मला अजून नीटसं पटलेलं नाही.

शनिवारी टेम्पोतून वनिताचं कपाट आलं.
सासरी गेलं होतं तेच. एक दार बदललेलं.
भिंतीला टेकेचना. खालचं सिमेंट आडवं येतं,
मागे चार बोटं जागा राहते.
"राहू दे," ती म्हणाली, "वारा लागेल."

मग चप्पल बाहेर काढून
भिंतीच्या कडेकडेनं पायानं चाचपत गेली,
पूर्ण एक फेरी,
आणि कपाटाशी येऊन थांबली.
"याला काय म्हणतात रे?"

मी सांगितलं, गोलाई.