स्टार्टचं बटण

मुरोरानमध्ये पोलाद कारखान्याच्या मागच्या उतारावर
वाकासुगींचं दुरुस्तीचं दुकान आहे.
टोस्टर, रेडिओ, गुडघ्याला शेक द्यायचे दिवे, काहीही घेतात.
मी दोन यंत्रं आणली,
आईचं घर रिकामं करताना
संत्र्यांच्या खोक्यात सापडलेली.

पहिलं आठ बिटांचं, पांढरं आणि लाखेसारखं लाल.
दुसरं सोळा बिटांचं, राखी,
चार रंगांची चार बटणं, चोखायच्या गोळ्यांसारखी.
गंमत बघा, वय थोरल्याचं जास्त,
पण दात पिवळे पडलेत धाकट्याचे.

कुठलं आधी उघडू, वाकासुगी विचारतात.
थोरलं, मी म्हणते. मान त्याचा.

त्याचे दोन्ही कंट्रोलर पोटातूनच निघतात,
तोकड्या वायरींनी जखडलेले,
दोघांनी खेळायचं तर गुडघ्याला गुडघा लावून बसायचं.
पहिल्यावर स्टार्टचं बटण.
दुसऱ्यावर नाही.
दुसऱ्यावर माइक.
म्हणजे खेळ कधी सुरू, कधी बंद, ते रयोहेइदादाने ठरवायचं,
मी फक्त ओरडायचं.
सात वर्षं त्या इवल्याशा जाळीत ओरडले मी:
थांब, मला शू लागलीय, थांब.

धाकटं आलं तोवर दादा कावासाकीला गेला होता.
पहिल्या बोनसमधून त्यानेच पाठवलं.
दोन कंट्रोलर, दोन्हींवर स्टार्ट,
अदलाबदल केली तरी कळू नये असे सारखे,
वायर इतकी लांब की खोलीच्या दोन टोकांना बसावं.
समता आमच्या घरी अशी पार्सलने आली,
आणि दुसरा कंट्रोलर वर्षभर
प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर निघाला नाही.

चित्र सुंदर होतं, खोटं कशाला बोलू.
डोंगरामागचे डोंगर आपापल्या चालीने सरकायचे,
व्हायोलिनसारखं काहीतरी खरोखर वाजायचं.
थोरल्याचा गळा म्हणजे पत्र्याच्या डबीत अडकलेली माशी.
भांडी घासताना मी अजून गुणगुणते
ते माशीचंच.

ऑगस्टात पितरांच्या सणाला दादा तीन दिवस आला.
खेळलो. जिथवर पोचलो ते दुसऱ्या खान्यात ठेवलं.
बाकीचं पुढच्या वर्षी, म्हणाला.
कॅसेटच्या आत शर्टाच्या बटणाएवढा सेल असतो,
वाकासुगींनी त्याला मीटर लावला,
मान हलवली.
तिन्ही खाने रिकामे.
धाकट्याला स्मरणशक्ती होती ना,
म्हणून आम्ही काहीच लिहून ठेवलं नाही.

थोरल्याला काही म्हणता काही आठवायचं नाही.
वीज गेली की जन्म गेला.
म्हणून उठताना तो पडद्यावर बावन्न अक्षरांचा मंत्र द्यायचा,
तो वहीत उतरवायचा, एक अक्षर चुकलं की सगळं मुसळ केरात.
वही खोक्याच्या तळाशी होती.
दादाचं पेन्सिलीतलं अक्षर,
पाठीमागे आईचा हिशेब: मुळा, सोया, रॉकेल.

वाकासुगी एकेक अक्षर भरतात.
मंत्र चुकीचा आहे, पडदा म्हणतो.
पुन्हा भरतात. चुकीचा.
स्टोव्हवरची किटली उगाच मध्ये बोलते.

मग मी फोन लावते. घराच्या वाटणीनंतर पहिल्यांदा.
कुठला खेळ? दादा विचारतो. छे, आठवत नाही ग.
तरी मी वाचत जाते.
तिसऱ्या ओळीत तो अडवतो:
ते 'नु' नसणार. 'मे' असेल.
मी 'मे' तसाच काढायचो, शेपटीला गाठ मारून.
बाई वहीवर लाल फुल्या मारायच्या.

वाकासुगी तेवढी एक गाठ सोडवतात.

निळा समुद्र, चार चौकोनांचं गाव,
तटाच्या दारात एक ठेंगू शिपाई
जागच्या जागी पाय आपटत उभा, पस्तीस वर्षं.
पहिला कंट्रोलर ते माझ्यापुढे सरकवतात.
मी सवयीने दुसरा उचलते.

सुरू झालं का? फोनमधून विचारणा.
झालं असेल तर मी ठेवतो, मीटिंग आहे.

मी जाळीला ओठ लावते.
थांब.