डागी माल

सव्वीस वर्षं मी पाटीचा दगड फोडला
आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी शिकायला बसलो
तो का फुटतो ते.

बँगोरचं विद्यापीठ, तिसरा मजला.
खिडकीतून मेनाईची सामुद्रधुनी दिसते,
ओहोटीला तिचा चिखल उघडा पडतो.
पारीबाई बोट दाखवून म्हणाल्या,
हा तुमचाच दगड, गेथिन,
फक्त पन्नास कोटी वर्षं लहान.
पोरं हसली. मी चिखलाकडे बघत राहिलो.
त्यात एक बगळा उभा होता, कामावर असल्यासारखा.

शेजारी तिरियन बसते, एकोणीस वर्षांची.
ती मला गणित समजावते,
मी तिला हातोडा धरायला शिकवतो:
मनगट ढिलं, आणि कान दगडापाशी.
चांगला दगड टणकन बोलतो,
चीर गेलेला लाकडासारखा.
हे पुस्तकात नाही. मी शोधलं.

पुस्तकात हे आहे:
चिखल साचला आडवा, थरावर थर,
मग दोन्ही बाजूंनी जमीन सरकत आली.
म्हणून तो जसा साचला तसा फुटत नाही,
जसा दाबला गेला तसा फुटतो.
हे वाक्य मी दोनदा वाचलं,
वही मिटली,
आणि उगाच जिना उतरून खाली जाऊन आलो.

मग आले डाग.
जांभळ्या पाटीतले हिरवट डाग, कवडीएवढे,
ज्यांच्यापायी आमच्या शेडमध्ये माल बाद व्हायचा.
मुकादम ईडवल नुसती मान हलवायचा
की पाटी ढिगावर.
तशीही दहातली नऊ ढिगावरच जायची,
आमच्या गावामागचा डोंगर त्या नऊंचा आहे.
बाई म्हणाल्या, हा डाग मुळात गोल होता,
बोरासारखा. आता लांबट आहे.
लांबी मोजा, रुंदी मोजा, भागा.
दगड किती चेपला गेला ते कळेल.

आणि बिनडागी? मी विचारलं.

कोरी पाटी, त्या म्हणाल्या.
तिच्यावरून काय वाचणार?

डागी माल घरी न्यायला फुकट मिळायचा.
माझ्या कोंबड्यांच्या खुराड्यावर सगळा तोच आहे.
शनिवारी शिडी लावली.
लौरी खालून ओरडली, पडलास तर बघ,
आता भरपाई द्यायला कंपनी नाही!
एकसष्ट डाग मोजले, कॅलिपर लावून,
खाली कोंबड्यांचा कलकलाट,
धुक्यानं वही ओली, पेन्सिल मात्र चालत होती.
सोमवारी आकडे बाईंच्या टेबलावर.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
आकडे सुरेख आहेत, म्हणाल्या, पण
दगड जागचा हलवण्याआधी
त्याच्यावर बाण काढून उत्तर लिहून ठेवायची असते.
तुमच्या दगडांना उत्तर नाही, गेथिन.

खाण बंद झाली त्या मंगळवारी
आम्हालाही असंच फाटकाबाहेर आणून ठेवलं होतं,
एकावरही बाण नव्हता.
पण हे मी बोललो नाही. बोललो ते एवढंच:

पाटी कशीही कापत नाहीत, बाई.
दगडाला कणा असतो.
लांबी त्याच्याच अंगानं धरायची,
नाहीतर दुसऱ्या हिवाळ्यात छपरावर मोडते.
छपरावरची प्रत्येक पाटी तिचा कणा धरून आहे.

आणि खाणीत तो कणा कुठे जायचा?

मी डोळे मिटले.
तिसरा फलाट, डाव्या हाताला ओली भिंत,
पाठीला डोंगर.
हात आपोआप उठला, खिडकीकडे वळला,
आणि सामुद्रधुनीच्या अंगानं खाली गेला,
जवळजवळ उभा, जमिनीत.

वर्गात कुणी हसलं नाही.
दंडावर काहीतरी गार टेकलं.
तिरियननं होकायंत्र लावलं होतं.

वायव्य, तिनं वाचलं. सत्तर अंश.
हलू नका हं,
बाई लिहून घेतायत.