उलांडी

पहिल्या दिवशी ते उडालंच नाही, कलंडलं.
वाळूत एक पाय रुतला, दुसरा सुटला
आणि पात्यांनी जमीन खाल्ली.
साडेचारशे रुपयांची जोडी,
अडीच सेकंदांत.

मी इंजिनं दुरुस्त करतो.
तळाशीलपासून तोंडवळीपर्यंत
ज्याचं आउटबोर्ड अडतं तो माझं नाव घेतो,
बरं किंवा वाईट.
दहा अश्वशक्ती मांडीवर घेऊन बसणारा मी,
आणि हे मध्यम सुरमईएवढं हेलिकॉप्टर
माझ्या दोन अंगठ्यांना जुमानत नव्हतं.

दुसरी जोडी. तिसरी जोडी.
रेश्मा मोडकी पाती एका पत्र्याच्या डब्यात ठेवत गेली,
एक शब्द न बोलता.
डबा मात्र फळीवर रोज थोडा पुढे सरकवायची.

खाली काहीतरी रुंद हवं होतं, चौफेर,
जे कलंडू देणार नाही.
विकतचं मिळतं, पण यायला आठ दिवस
आणि किंमत आणखी तीन जोड्यांची.
म्हणून आधी छत्रीच्या काड्या. वाकल्या.
मग झाडूचे हीर, सात-सात एकत्र बांधून.
उतरताना मोडले,
आणि घरात केर तसाच.

गुणाजी मेतर गडग्याला टेकून सगळं ऐकत होता,
नजर अधू, जाळं बोटांनीच विणणारा.
म्हणाला, "तेका उलांडी व्हयी रे."

मी हसलो. मग हसायचा थांबलो.
किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या,
प्रत्येकीचा एक हात बाहेर काढलेला,
चालताना गुणाजी गडगा धरतो तसा.
वीस वर्षं यांची इंजिनं उघडली मी.
हात पाहिला नव्हता.

चिवारीच्या दोन काठ्या, करंगळीहून बारीक,
फुलीसारख्या एकमेकींवर.
मध्ये गुणाजीची गाठ, नायलॉनच्या धाग्याची.
टोकांना पांगाऱ्याचे चार गोळे,
घासून घासून बोराएवढे.
"होडयेक एक पुरता," तो म्हणाला, "हेका चार.
हेका वारो खंयसून येतलो ता म्हायत नाय."

वजन करायला नेलं पेडणेकर सोनाराकडे.
त्यानं काट्यावर ठेवलं, चष्मा सावरला.
"एकसष्ट ग्रॅम. घडणावळ किती लावू?"

इथे वेळ एकच चालते.
पहाटे मतलई थकते
आणि दर्यावरचा वारा अजून उठायचा असतो.
मधली ती पंधरा-वीस मिनिटं
झावळी हलत नाही.
त्या वेळी हेलिकॉप्टर वाळूवर उभं राहिलं
कुर्लीसारखं, पाय पसरून.

उचललं. वीतभर.
डावीकडे निघालं, मी घाबरून खाली सोडलं.
एक गोळा टेकला,
मग समोरचा,
आणि पाती हवेतच फिरत राहिली
काहीही न मोडता.

"पडला?" गुणाजीनं विचारलं.
"बसलं," मी म्हणालो.

दोन महिने झाले.
सात मिनिटांची बॅटरी, त्यातली चार
मी ते एका जागी धरतो, गुडघ्याएवढ्या उंचीवर.
कुडाळचा प्रणित, तोही उडवतो, म्हणाला,
आता काढा ते खालचं.
ते आहे तोवर खरं वजन कळायचं नाही तुम्हाला.
खरंही असेल.
झुळूक आली की आधी फुलीच ओढ घेते.

काल कात्री घेऊन बसलो.
कापायची नव्हती गाठ, सोडवायची होती.
सुरुवात कुठे, शेवट कुठे,
इंजिनातला केसाएवढा चिरा शोधणाऱ्या बोटांना
काही लागेना.

"होडयेची उलांडी कधी काडतत?" मी विचारलं.
गुणाजीनं जाळ्याचे चार फासे पुरे केले.
"लाकूड कुसला काय."

रेश्मानं डबा धुऊन उन्हात घातलाय.
सुका जवळा ठेवते म्हणते त्यात.
मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही.
नवी एक जोडी आणून ठेवलीय मी,
ती कुठे आहे हे तिला अजून सांगितलेलं नाही.