पहिल्या सीझनचं कार्ड

पोस्टकार्डाच्या निम्मा, जाड पिवळट पुठ्ठा.
डाव्या कोपऱ्यात फोटो, त्यावर जांभळा शिक्का,
अर्धा कपाळावर, अर्धा कागदावर.
लीगचा सेक्रेटरी तसाच मारायचा,
चेहरा आणि नाव वेगळं होऊ नये म्हणून.

शहापूर स्पोर्टिंग, साल ब्याऐंशी.
निळे-पांढरे पट्टे,
पहिल्याच धुण्यात निळा पांढऱ्यात उतरलेला.
मी नऊ वर्षांचा, गोलपोस्टाच्या मागे.
बॉल बाहेर गेला की पळत आणायचा.
पगार: हाफटाइमला कुणीतरी चोखून उरवलेलं
अर्धं लिंबू.

आता उद्यमबागेत लेथवर असतो.
मायक्रॉनमध्ये मोजायची सवय,
म्हणून सांगतो: चौदा कार्डं होती, तेरा मिळाली.
मुजावरचं त्याच्या सायकल दुकानात,
पंक्चरच्या रबराखाली.
फर्नांडिसचं कॅम्पात, बायबलमध्ये, स्तोत्रांच्या पानांत.
चौगुले बंधूंची दोन्ही रविवार पेठेच्या रद्दीत,
किलोच्या भावात, कुणाच्या तरी लग्नपत्रिकेला चिकटलेली.
एकासाठी घड्याळ दिलं. घरी सांगितलं, हरवलं.
सगळी पहिल्याच वर्षाची.
दुसऱ्या वर्षाची मला नकोत.
दुसऱ्या वर्षी माणसाला फोटो काढायची सवय झालेली असते.

राहिला गोलकीपर.
दत्ताजी हलगेकर, वय एकोणीस.
पेनल्टीच्या वेळी तो आधी जमिनीवर थुंकायचा,
मग उजवीकडे झेपायचा. नेहमी उजवीकडे.
सगळ्या बेळगावला माहीत होतं,
तरी अडवायचा.

चार वर्षं हलगेकर शोधले.
शेवटी कुणीतरी म्हणालं, निपाणीला बघ,
तंबाखूच्या वखारीत, पण नाव वेगळं सांगतात.

दार उघडलं ते त्याच खांद्यांनी.
"मलाच शोधूलास होय?" म्हणाला,
आणि बिस्किटांच्या डब्यातून कार्ड काढलं.
फोटो त्याचा. शिक्का कपाळावर.
नाव दत्ताजी.

"मी इरप्पा. इरप्पा होसमनी.
त्या वर्षी मिलच्या टीमला सही देऊन बसलेलो.
शेजारचा दत्ता म्हणाला, माझं नाव घाल,
मला तर बॉलची भीती वाटते."

मग हसत हसत खोकला, बराच वेळ.
"मी बॉल अडवला की सगळं मैदान ओरडायचं: दत्ता! दत्ता!
आणि खरा दत्ता तिथंच बसलेला, लोकांत.
सगळ्यांच्या वर त्याचा आवाज.
स्वतःच्याच नावानं ओरडायचा गडी."

मला आठवला.
गोलपोस्टामागे एक किडकिडीत माणूस,
मागाचं सूत शर्टाला चिकटलेलं,
गोल वाचला की मूठभर शेंगा माझ्या हातात कोंबायचा,
जणू त्यानंच वाचवला.

खिशातले पैसे खिशातच राहिले.
कितीला देता, विचारलं तरी.
इरप्पा म्हणाला, "तोंड माझं, नाव त्याचं.
एकट्यानं विकू कसं?
आधी त्याला विचार. वडगावला असतो, माग बंद झाला त्याचा.
आणि लिही कुठंतरी, त्या वर्षी अकरा गोल खाल्ले.
दत्तानं नाही. मी."

परतीची बस संकेश्वरला अर्धा तास थांबली.
अल्बम मांडीवर.
तेरा प्लास्टिकच्या कप्प्यांत तेरा कपाळं,
एक कप्पा मोकळा. वर्णानुक्रमानं लावलेत सगळे.
हा ह मध्येच जाईल,
होसमनी म्हटलं तरी, हलगेकर म्हटलं तरी.
तेवढं एक बरं झालं.

रविवारी वडगाव.
कार्डाचं नंतर काढीन.
आधी विचारीन,
त्या शेंगा कुठल्या गाड्यावरच्या होत्या.